टाकीत भलतंच इंधन गेलं, आता काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पावसाळ्यात गवत वाढतं, तशी गवत कापायची मशिनं बाहेर निघतात आणि घाईगडबडीत भलताच कॅन टाकीत रिकामा होतो. या खेपेला आलेली सहा पत्रं याच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. सगळ्यांना आधी एकच विनंती: चूक लक्षात आली की दोरी ओढू नका, सेल्फ मारू नका. चुकीचं इंधन नुसतं टाकीत पडून राहिलं तर इंजिनाचं फारसं बिघडत नाही. ते आत खेचलं गेलं की खर्च सुरू होतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या लॉन मोवरमध्ये माळीकाकांनी जनरेटरसाठी ठेवलेलं डिझेल भरलं. मशीन पेट्रोलवर चालणारं, फोर-स्ट्रोक, १६० सीसीचं आहे. आधीचं थोडं पेट्रोल टाकीत होतं, त्यामुळे ते चालू झालं, पाचेक मिनिटं पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. त्यानंतर तीस-चाळीस वेळा दोरी ओढून झाली. इंजिन गेलं का? – एक वाचक, बाणेर, पुणे

इंजिन गेलेलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते सोसायटीच्या आवारातच होईल. फक्त क्रम पाळा.

आधी झालं काय ते बघा. पेट्रोलची साध्या हवेतही वाफ होते, म्हणून कार्ब्युरेटरमधून जाताना ते हवेत मिसळतं आणि ठिणगीने पेटतं. डिझेलची तशी वाफ होत नाही. त्याचे थेंब थेंबच राहतात, थंड सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि ठिणगी देणारा स्पार्क प्लग भिजवतात. तुमचं इंजिन आधीच्या पेट्रोलवर तापलं होतं, म्हणून ते मिश्रणावर थोडा वेळ रेटलं. पांढरा धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेलं डिझेल. पुढे तीस-चाळीस वेळा दोरी ओढली तेव्हा तेच डिझेल सिलिंडरची भिंत धुऊन पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरलं. खरी काळजी त्या ऑइलचीच आहे.

मशीन उघड्यावर, सावलीत घ्या. पहिलं काम म्हणजे प्लगची कॅप काढून बाजूला करा, म्हणजे पातं चुकून फिरणार नाही. इंजिन गार असू द्या. जवळपास बिडी-सिगारेट, देवापुढचा दिवा, वेल्डिंग काहीही नको. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की ते मिश्रण पेट्रोलसारखंच भडकतं, हे विसरू नका.

टाकी रिकामी करायला पाच-पन्नास रुपयांचा दाबायचा हातपंप मिळतो, तो वापरा. नळी तोंडाने ओढू नका. घोटभर डिझेल-पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते आणि दवाखाना गाठावा लागतो. वरचं काढून झालं की कार्ब्युरेटरला जाणारी पेट्रोलची नळी पकडीने क्लिप सरकवून सोडवा आणि उरलेलं डब्यात गळू द्या. तरीही टाकीच्या कोपऱ्यांत थोडं राहतंच. २०० मिली ताजं पेट्रोल घाला, मशीन हलवून टाकी खळबळा आणि काढून टाका. असं दोनदा करा. नळीत फिल्टर असेल तर तो धुण्यात वेळ घालवू नका, नवा बसवा.

मशीन कलंडायची वेळ आली तर कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू आकाशाकडे ठेवा. उलट कलंडलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरतं आणि मग धूर का येतोय ते शोधण्यात आणखी एक दिवस जातो.

आता कार्ब्युरेटर. त्याच्या बुडाशी एक वाटी असते, मधोमध एकच बोल्ट, बहुतेकदा १० च्या पान्याचा. खाली डबा धरून तो सोडा. वाटी हातात आली की उजेडात धरून बघा. वरचं द्रव बोटांत चोळलं आणि बोट क्षणात कोरडं झालं तर ते पेट्रोल, चिकट आणि गुळगुळीत राहिलं तर डिझेल. वाटी पुसा. मधल्या पितळी जेटमधून कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा सोडा, पलीकडून धार सरळ बाहेर पडली पाहिजे. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका. ते भोक ठरलेल्या मापाचं असतं, ओरखडलं की पेट्रोल कायमचं जास्त जाऊ लागतं. वाटी परत बसवताना कडेचं रबरी रिंग आपल्या खाचेत नीट बसलंय ना, आणि बोल्टखालचं वायसर जागेवर आहे ना, ते पाहा. इथे घाई केली तर नंतर पेट्रोल ठिबकतं.

प्लग काढा. तो काळा आणि ओला निघेल. पेट्रोलने धुऊन पितळी ब्रशने घासा, सुकवा, फट ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. पोर्सेलिनला चीर असेल किंवा टोक झिजलं असेल तर नवाच घ्या. प्लग काढलेला असतानाच सिलिंडरमधलं डिझेल बाहेर काढायचं: भोकावर जुनं फडकं टाका आणि दोरी आठ-दहा वेळा ओढा. फडक्यावर पिचकारी उडेल. त्यावेळी प्लगची कॅप भोकापासून लांब न्या आणि तिच्या आतली धातूची टोपी तारेने इंजिनाच्या उघड्या धातूला जोडून ठेवा. मोवरला हँडलची दांडी दाबल्याशिवाय दोरी ओढता येत नाही, आणि ती दाबली की ठिणगी चालू होते. मोकळी लोंबणारी कॅप बाहेर उडालेल्या वाफेला आग लावू शकते.

मग ऑइल. पातळी मोजायची काडी बाहेर काढा. पातळी खुणेच्या वर गेली असेल, ऑइल पाण्यासारखं ओघळत असेल, नाकाला डिझेलचा वास येत असेल, तर ते सगळं टाकून द्यायचं. तुमच्या बाबतीत तर वास आला नाही तरी बदलाच, कारण दोरी फार ओढली गेली आहे. या मापाच्या इंजिनात अर्धा ते पाऊण लिटर ऑइल बसतं. १०डब्ल्यू-३० भरा, पातळी काडीवर बघा, वर चढवू नका. दोन-तीन तास काम झाल्यावर हेही ऑइल काढून पुन्हा नवं घाला. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल त्याबरोबर निघून जातं.

प्लग हाताने शेवटपर्यंत बसवा, मग पान्याने जुना प्लग पाव फेरा आणि नवा अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. अर्धा लिटर ताजं पेट्रोल घाला, चोक ओढा आणि दोरी मारा. पहिली पाच-दहा मिनिटं धूर येईल. तो सायलेन्सरमध्ये साठलेल्या डिझेलचा आहे, घाबरू नका. मात्र मशीन वाळक्या गवतावर उभं करून तापवू नका. धूर अर्ध्या तासानंतरही पांढराच राहिला, तर टाकी पूर्ण धुतली गेली नाही असं समजा. निळा झाला तर ऑइल जास्त भरलं गेलं आहे.

प्रश्न: आंब्याच्या बागेतलं गवत काढायला ५२ सीसीचं टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे. नव्या गड्याने त्यात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) न घालता नुसतं पेट्रोल भरलं. दहा-बारा मिनिटं चाललं, मग आवाज चढला, ताकद गेली आणि एकदम बंद पडलं. आता दोरी जड लागते. – एक वाचक, राजापूर

या अंकातली सगळ्यांत महागडी चूक हीच आहे, आणि वरच्या उत्तरातली पद्धत इथे पुरेशी नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात ऑइल असतं. टू-स्ट्रोकच्या पोटात काहीही नसतं. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं सुईबेअरिंग, पिस्टन, सिलिंडर, सगळ्यांना जे वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर आलेल्या ऑइलचंच. ते नसलं की अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. सायलेन्सरच्या बाजूला उष्णता सर्वांत जास्त, म्हणून ओरखडे आधी तिथे पडतात. म्हणूनच तपासणीही तिथूनच करायची.

जोर लावून दोरी ओढू नका. तासभर गार होऊ द्या. प्लग काढा, दोरी हळू ओढून पिस्टन वरखाली होतोय का ते बघा. मग सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टनची कड पाहा. कड गुळगुळीत, करड्या रंगाची, बारीक आडव्या रेघांची दिसली तर तुमचं नशीब चांगलं. उभे चकचकीत चरे दिसले, किंवा रिंग खाचेत चिणून बसली असेल आणि बोटाने दाबून हलत नसेल, तर पिस्टन घासलाय. सिलिंडरच्या भिंतीवर चांदीसारखा थर दिसला तर ते पिस्टनचंच अॅल्युमिनियम तिथे चिकटलेलं आहे.

पिस्टन साफ निघाला तर: टाकी रिकामी करा. प्लगच्या भोकातून ५ मिली टू-टी ऑइल सोडा, दोरी हळूहळू दहा वेळा ओढा. प्लग पुसून बसवा, सायलेन्सर बसवा आणि पहिली टाकी लिटरला ४० मिली ऑइल घालून चालवा. मग इंजिन बंद करून, दोरीची मूठ धरून अख्खं मशीन जमिनीपासून थोडं वर लोंबकळू द्या. चांगल्या कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट धरणारं मशीन झटक्याझटक्याने सावकाश खाली येतं. सरसर खाली आलं तर रिंगा गेल्या.

चरे दिसले तर मशीन गड्यांच्या हाती देऊ नका, मेकॅनिककडे न्या. चरे फक्त पिस्टनवर असतील तर पिस्टन-रिंग बदलून आणि सिलिंडरला चिकटलेलं अॅल्युमिनियम काढून भागतं. सिलिंडरच्या आतल्या मुलाम्यालाच नख अडकत असेल तर सिलिंडर-पिस्टनचा जोड एकत्र बदलावा. या छोट्या सिलिंडरांना आतून कठीण मुलामा असतो, मोटरसायकलसारखं बोअरिंग करून काम भागत नाही. क्रँक दोन्ही हातांनी धरून हलवून घ्यायलाही सांगा. नवा पिस्टन घातला आणि खालचं बेअरिंग कोरडं पडून खडखडत असेल, तर तोच पिस्टन महिन्याभरात पुन्हा खराब होईल.

प्रमाणाबद्दल. साध्या टू-टी ऑइलसाठी २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली. मशीनच्या पुस्तकात ५० ला १ असं लिहिलं असेल आणि त्या दर्जाचं ऑइल वापरत असाल तरच लिटरला २० मिली. बाटलीच्या टोपणाने माप घेऊ नका, औषधाचं माप किंवा सिरिंज ठेवा. कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल. टू-टी ऑइलमध्ये रंग मुद्दाम घातलेला असतो. काचेच्या बाटलीत थोडं घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरलं की मिसळलंय की नाही ते गड्यालाही कळतं. ही एक सवय लावून घेतलीत तर पुढचा पिस्टन वाचेल.

प्रश्न: उलटं झालं. आमच्या फोर-स्ट्रोक मोवरमध्ये टू-टी मिसळलेलं पेट्रोल गेलं. – एक वाचक, नाशिक

काळजी करू नका. निळसर धूर येईल, प्लग काळा होईल, इतकंच. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरा, प्लग घासा. कार्ब्युरेटर उघडायची गरज नाही. मात्र पेट्रोलमध्ये ऑइल गेलं म्हणून इंजिनातलं ऑइल कमी चालेल असं समजू नका. हे विशेषतः खांद्यावरच्या ३५ सीसी फोर-स्ट्रोक ब्रश कटरवाल्यांसाठी: त्यात ऑइलची वेगळी जागा आहे, फक्त १०० मिलीची, आणि ती रिकामी राहिली तर इंजिन लवकर निकामी होतं. दिसायला टू-स्ट्रोकसारखंच असतं, म्हणून गडी फसतात.

प्रश्न: ऑइल घालायच्या झाकणातून पेट्रोल ओतलं गेलं, साधारण पाव लिटर. चालू केलेलं नाही. – एक वाचक, सांगली

चालू केलं नाहीत, फार चांगलं केलंत. ड्रेन बोल्ट काढा, नसेल तर ऑइलच्या झाकणाकडे मशीन कलंडून सगळं काढा. प्लगची कॅप काढलेली असू द्या. ऑइल भरून दोरी हळू पाच-सहा वेळा ओढा आणि तेही काढून टाका. मग नवं ऑइल खुणेपर्यंत. पेट्रोल मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून गाळून पुन्हा वापरता येत नाही. पेट्रोल त्यात विरघळलेलं असतं, गाळण्याने निघत नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या इंजिनाच्या पोटात, पेट्रोलची वाफ असताना ठिणगी मारली तर झाकण उडायची भीती असते, म्हणून ऑइल काढल्यावर झाकण तासभर उघडं ठेवा.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, इलिनॉयमध्ये राहतो. पंपावर घाईत कॅनमध्ये ई८५ भरून आणलं आणि मोवरमध्ये घातलं. चालू होतं, पण आवाज वरखाली होतो, मधेच फट् करतं. – एक वाचक, शिकागो परिसर

तुमच्याकडच्या ई८५ मध्ये ऋतूप्रमाणे ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल बरंच जास्त घालावं लागतं. गाडीतला संगणक ते करतो. मोवरच्या कार्ब्युरेटरचं जेट एकाच मापाचं असतं, त्यामुळे इंजिनाला इंधन अपुरं पडतं. आवाजाचं वरखाली होणं आणि सायलेन्सरमधला फटाका त्याचाच.

डिझेलसारखा चिकटपणा इथे नाही, त्यामुळे काम सोपं आहे. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, एकदा ताज्या ई१० ने (१० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलने) खळबळा, भरा, चालवा. ऑइल बदलायची गरज सहसा पडत नाही. नळ्या आणि दाबायचा रबरी फुगा मात्र बोटांनी तपासा. चिकट, फुगलेले किंवा मऊ लागले तर बदला. ई१५ म्हणजे पंपावर ८८ आकड्याने मिळणारं पेट्रोलही मोवरला चालत नाही. तिथल्या कायद्यानेच लहान इंजिनांत ते घालायला मनाई आहे.

इथल्या वाचकांसाठी याला जोडून: आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत महिनोन्‌महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलमध्ये पाणी खाली बसतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत ते मोत्यासारखे गोल थेंब होऊन दिसतं. ही भरतानाची चूक नव्हे, पण लक्षणं तशीच असतात. मशीन ठेवून देताना पेट्रोल काढा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करा.

प्रश्न: डिझेलच्या पॉवर टिलरमध्ये दोन लिटर पेट्रोल गेलं. टाकीत आधी चारेक लिटर डिझेल होतं. थोडा वेळ चालवला, ठक्‌ठक् आवाज यायला लागला म्हणून बंद केला. काढलेलं मिश्रण चूल पेटवायला चालेल का? – एक वाचक, तासगाव

चुलीचं आधी: अजिबात नाही. स्टोव्ह, कंदील, चूल, कचरा पेटवणं, काहीच नाही. वाफ पेट्रोलची, भडका पेट्रोलचा. गटारात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. धातूच्या कॅनमध्ये, 'डिझेल-पेट्रोल, वापरू नये' असं लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

तुमचा आवाज योग्य वेळी ऐकलात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल स्वतः पेटतं. पेट्रोल उशिरा पेटतं, आणि मग साठलेलं सगळं एकदम पेटतं, तोच ठोका. दुसरी गोष्ट, इंजेक्शन पंपाचा दट्ट्या डिझेलच्याच वंगणावर सरकतो. पेट्रोलने ते वंगण जातं.

टाकी पूर्ण रिकामी करा, लिटरभर डिझेलने खळबळा, तेही काढा. फिल्टर नवा घाला. टाकी भरा आणि हवा काढा: आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करा, डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून हँडल फिरवा, डिझेल उसळू लागलं की नट आवळा. त्यावेळी हात नटापासून दूर ठेवा. दाबाची बारीक धार कातडीत घुसते आणि जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी आतून मोठी असते. काडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइलही बदला. सगळं करून ठोका राहिलाच, किंवा थंड इंजिन सुरूच होईना, तर पंप आणि नोझल डिझेल पंपाचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. शेतात ते उघडू नका, धुळीचा एक कण दट्ट्याला पुरतो.

आणि दोन कॅन वेगवेगळ्या रंगांचे ठेवा. कुठल्यात काय आहे अशी शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. पेट्रोल मिनिट-दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं, डिझेलचा तेलकट गोल तसाच राहतो, आणि टू-टी मिसळलेल्या पेट्रोलचा मधोमध छोटा तेलकट ठिपका उरतो.